मावशीच्या लेकी

हाती घेतलं की तडीला न्यायचं, ही बटणवालीची जुनी खोड. गल्लीत तिला सगळे याच नावाने ओळखत, कारण शिलाईच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिने दुसरं काही केलंच नव्हतं. काजं करायची, बटणं लावायची. घरी आली की मात्र ती मधमाश्यांची. परसात भिंतीला लागून पाच पेट्या होत्या. नवरा बस चालवायचा आणि माश्यांपासून एका बसच्या लांबीएवढा दूर राहायचा. लांबूनच त्याने पेट्यांना नावं दिली होती. सगळ्यात गरीब पेटी ती ‘मावशी’ आणि सगळ्यात तिखट ती ‘सासूबाई’. कुणाच्या सासूबाई, हे त्याने शहाणपणाने कधी सांगितलं नाही.

भानगड झाली ती भिंतीपलीकडे. तिथे एक निवृत्त नर्स राहायची, तिला सगळे सिस्टर म्हणत. फुलोरा नुकताच सुरू झाला होता. सिस्टरचा नवरा परसात कपडे वाळत घालत होता आणि माश्या त्याच्यावर तुटून पडल्या. एकवीस डंख. ओठ सुजले, श्वास अडकला, दोन दिवस दवाखान्यात काढले. तो घरी आला त्या संध्याकाळी सिस्टर भिंतीपाशी आली. तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं, पण ही बाई शांतपणे बोलली.

“तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण थंडी पडायच्या आत या माश्या माणसात आल्या पाहिजेत. नाही जमलं तर सगळ्या पेट्या इथून हलव. आणि जमलं की नाही, ते मी इथे उभी राहून बघणार.”

बाईचं बरोबरच होतं. पण पेट्या हलवायला दुसरी जागा नव्हती. हलवायच्या म्हणजे देऊन टाकायच्या, बारा वर्षं जीव लावलेल्या. बटणवालीने रात्रभर कूस बदलली आणि रविवारी दोन बस बदलून मास्तरांकडे गेली.

मास्तर कधीकाळी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता कान गेले होते, म्हणून स्वतःच कमी बोलायचे. तिच्या पहिल्या दोन पेट्या त्यांनीच दिलेल्या. सगळं ऐकून, म्हणजे तिच्या ओठांकडे बघून, ते म्हणाले, “स्वभाव राणीकडून येतो. मावशीच्या माश्या गरीब, कारण मावशीची राणी गरीब. तिच्याच अळ्यांपासून नव्या राण्या तयार कर आणि बाकीच्या चार पेट्यांना दे. पण यंदाच. राणीचं तिसरं वर्ष चाललंय, पुढच्या वर्षी ती असेलच असं नाही.”

“आणि तरी नाही सुधारल्या तर?”

“बापाकडचंही येतं थोडं. ते आपल्या हातात नाही.”

मग त्यांनी कृती दाखवली. राणी आणि कामकरी माशी जन्मतात सारख्याच अंड्यातून. फरक खाण्याचा. कोवळी अळी बारीक आकड्याने पोळ्यातून उचलायची, मेणाच्या इवल्या वाटीत ठेवायची आणि त्या वाट्या बिनराणीच्या पेटीत, म्हणजे थोड्या माश्या वेगळ्या काढून भरलेल्या पेटीत, टांगायच्या. राणी नसलेल्या माश्या घाबरलेल्या असतात. त्या अळ्यांना राणीचं दूध पाजून पाजून राणी करतात. बाराव्या दिवशी ती बाहेर येते. “अळी लहानातली लहान घे,” मास्तर म्हणाले. “दिसेल न दिसेल अशी.”

“हो,” बटणवाली म्हणाली. म्हणाली खरी.

घरी येऊन मावशीच्या पेटीतली एक फळी, म्हणजे पोळं बांधलेली लाकडी चौकट, तिने उजेडात धरली. हात तर काय, सव्वीस वर्षांचे तयार. पण अळ्या बघितल्या आणि मन फिरलं. सगळ्यात लहान अळ्या म्हणजे कापलेल्या दोऱ्याची टोकं, धड जगतील की नाही कोण जाणे. आणि त्यांच्या शेजारीच कशा गोंडस, बाळसेदार, कप्प्यात गोल पडलेल्या. राणी करायची ती अशा मरतुकड्या पोरीची? घरात दोन मुलं वाढवलेल्या बाईने बाळसं बघूनच निवड केली. वीस वाट्या भरल्या. माश्यांनी तेरा स्वीकारल्या आणि बटणवाली आठवडाभर कारखान्यात शीळ घालत काजं करत होती.

दहाव्या दिवशी सकाळी तिने पेटी उघडली. एकेक राणीघर वेगळं करून स्वतंत्र छोट्या पेटीत ठेवायचं होतं. तेराही घरं शेंगांसारखी लटकत होती, पण बारांच्या कुशीला भोक पाडलेलं. तेराव्याचं टोक झाकणासारखं उघडलेलं आणि फळीवर एक किडकिडीत राणी सैरावैरा धावत होती. बाळसेदार अळ्या वयाने मोठ्या, म्हणून दोन दिवस आधीच पिकल्या. सगळ्यात आधी बाहेर आलेलीने बाकीच्या बहिणींना झोपेतच संपवलं होतं.

बटणवाली पेटीसमोर मातीत बसून रडली. चांगली हुंदके देऊन रडली.

“सासूबाई काही बोलल्या का?” नवऱ्याने दारातून विचारलं. तिने हातमोजा फेकून मारला. तो उचलून नवरा आत गेला.

ती पुन्हा गेली, तेव्हा मास्तरांनी एकच विचारलं. “अळ्या कशा होत्या?”

“चांगल्या भरलेल्या.”

“भरलेल्या म्हणजे कामकरीचं जेवण जेवून बसलेल्या. मी काय सांगितलं होतं?”

“लहानातली लहान. पण मला वाटलं, त्या जगायच्या नाहीत.”

“वाटण्यावर राण्या होत नाहीत, बाई. तारखेवर होतात.”

हे तिच्या चांगलंच जिव्हारी लागलं. परत येताना बसमध्येच तिने ठरवलं, आता स्वतःच्या मनाला निवडायची संधीच द्यायची नाही. कामकरी माश्या आरपार जातील पण राणी अडेल अशी तारेची जाळी आणून तिने एका फळीच्या मापाची पिशवी शिवली, शर्टाची बाही शिवावी तशी. त्यात रिकाम्या कप्प्यांची एक फळी आणि मावशीची राणी, एक दिवस बंद. पेटीच्या झाकणावर खडूने तारीख. तीन दिवस अंडी, चौथ्या दिवशी अळ्या, आणि त्या फळीवरची एकूण एक अळी एका दिवसाच्या आतली. निवड करायला उरलंच काय!

चोवीस वाट्या भरायला दुपार गेली. आकड्यावर अळी आहे की नुसता ओलावा, हेच कळेना. माश्यांनी सातच घेतल्या. सातांतून सहा राण्या निघाल्या, बाराव्या दिवशी, अगदी खडूच्या शब्दाला जागून. सहाही वेगवेगळ्या छोट्या पेट्यांत होत्या. आता त्यांनी उडायचं, वर हवेत नरांना भेटायचं आणि परत यायचं. वारा असतो, पक्षी असतात. दोन आठवडे बटणवालीला जेवताना कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही.

परत येऊन अंडी घालायला लागल्या तीन. हव्या होत्या चार.

“पुन्हा करते,” ती मास्तरांना म्हणाली.

“नर आता संपत आलेत. यंदा नाही. चौथी पेटी दुसरीत मिसळ.”

चौथी म्हणजे सासूबाई. सगळ्यात तिखट आणि सगळ्यात जास्त मध देणारी. नवरा रात्री जेवताना हळूच म्हणाला, “एक राहू दे की. सिस्टरला काय कळणार?”

“तिला नाही कळणार. तिच्या नवऱ्याला कळेल.”

चारही जुन्या राण्या तिने स्वतःच्या चिमटीत मारल्या. दुसरा मार्ग नव्हता, नवी राणी घालायची तर जुनी जायलाच हवी. सासूबाईची राणी शेवटी सापडली, मोठी, चकचकीत, काहीच चुकलं नव्हतं तिचं. “माफ कर,” बटणवाली म्हणाली आणि बोटं मिटली. मग त्या पेटीतल्या माश्या शेजारच्या पेटीवर ठेवल्या, मध्ये कागद घालून, म्हणजे तो कुरतडेपर्यंत दोन्हीकडच्या एकमेकींच्या वासाला सरावतील.

तरी माश्या लगेच सुधारतात थोड्याच? उडत होत्या त्या जुन्यांच्याच लेकी. त्या मरून नव्या यायला दीड महिना लागतो. त्या दीड महिन्यात बटणवालीला नऊ डंख बसले आणि तिने रोज कॅलेंडर बघितलं.

ठरल्या दिवशी सिस्टर आली. एक हात कोटाच्या खिशात. खिशात डंखावरचं इंजेक्शन होतं, हे तिने लपवलंही नाही.

“पाच होत्या ना?”

“एकीला राणी मिळाली नाही. ती ठेवली नाही.”

सिस्टरने चारही पेट्यांवरून नजर फिरवली. “उघड,” म्हणाली. “मावशी नको. ती, पलीकडची. आणि तोंडावर जाळी न घालता.”

जिच्यात सासूबाईच्या माश्या मिसळल्या होत्या, नेमकी तीच पेटी. बटणवालीने झाकण काढलं, थोडा धूर दिला, मधली फळी वर उचलली. एक माशी येऊन तिच्या गालावर बसली, दोन पावलं चालली आणि उडून गेली. बाकीच्या फळीवर आपापल्या कामात. कुणी अंगावर आलं नाही. सिस्टर दोन पावलं पुढे आली, मग आणखी एक. तिचा हात खिशातून बाहेर आला, रिकामा.

“यातली राणी कुठली?” तिने विचारलं.

बटणवालीने दाखवायला बोट उचललं, पण डोळे इतके भरून आले की सगळी फळीच धूसर झाली. तिला राणी सापडेना.

“ही का? लांबडी?” सिस्टरचं बोट माश्यांपासून वीतभर अंतरावर थांबलं होतं.

“हीच.”

फळीवरून नजर न काढता सिस्टरने भिंतीपलीकडे हाक मारली, “अहो, बाहेर या. भिंतीपाशीच उभे राहा, पण या.”