कोनोमीच्या फोनवरची गोम

कोफू या जपानी शहरात दगड घासणारे पुष्कळ. अमेमिया तोकुजी त्यांतलेच. स्फटिक घासता घासता बोटांचे ठसे पुसून गेलेला माणूस. आणि त्यांच्याच पोटी ही कोनोमी! प्लास्टिकचे खडे चिमट्याने उचलून मोबाइलवर चिकटवत बसायची. वर्गात तोंडातून शब्द फुटेल तर शपथ, पण मैत्रिणी आपले फोन सजवायला तिच्याचकडे आणून द्यायच्या. स्वतःच्या फोनवर तिने गुलाबी खड्यांची गोम काढली होती. गोम मागे सरत नाही, असं कोफूतले म्हातारे सांगतात. पोरीने ते भलतंच मनावर घेतलं.

"अमेमियाच्या घरात खोटे खडे! लोक तोंडात शेण घालतील," बाप करवादायचा.

"बाबा, तुमचे खरे खडे कुलपात पडून असतात. माझे दिवसभर लोकांच्या हातात असतात."

शाळा संपत आली तशी तोकुजींनी होसाकासाहेबांच्या पेढीत तिच्यासाठी शब्द टाकला. तोकुजींना घासायचं काम मिळायचं तेही तिथूनच. दागिने घडवायला शिकायला मिळणार म्हणून कोनोमी हरखून गेली होती. बापलेक भेटायला गेले, सगळं जमलं. रुजू व्हायची तारीख टिपायला तिने फोन काढला मात्र, साहेबांनी तो हातातून घेतला.

"हे काय ध्यान?" त्यांनी नखाने गोमेचा एक पाय उचकटला. "बघ तोकुजी, असा निघतो. कामावर यायचं ना पोरी? मग सगळं खरवडून ये." फोन त्यांनी तिच्यापुढे सरकवला, निघालेला खडा मात्र चिमटीतच ठेवला.

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती काही लंगडी होत नाही. पण कोनोमीची कानशिलं तापली.

"नाही खरवडणार. आणि माझ्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

झालं! तोकुजी ताडकन उठले. पोर चुकलं की बापाने करायचं तेच केलं: तिच्या डोक्यावर हात ठेवून मान खाली दाबू लागले. मान लवेना. त्यांनी आणखी जोर लावला.

"बाबा, ओरबाडलं त्यांनी. मी का वाकू?"

तोकुजींचा हात थबकला. त्यांनी तो काढून घेतला आणि एकटेच कमरेतून खाली वाकले.

"पोरीच्या जिभेची माफी मागतो, साहेब. मला पुढे काम द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

साहेब नुसते हुंकारले. तोकुजींनी वाकल्या वाकल्या तळहात पुढे केला.

"पण तो खडा तिचा आहे. तेवढा द्या."