वऱ्हाडातले अकरा

माझी बायको गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. पोरांना न्हाई, भावकीत न्हाई, देवापुढं हात जोडतानासुद्धा हा विषय मी टाळत आलो. आज तुम्हाला सांगून राह्यलो. आजच का, ते मात्र विचारू नका.

परवा जेवताना नातू सांगत होता — विलायतेत म्हणे वर्षातून दोनदा घड्याळ पुढं-मागं करतात. त्यातही एका देशात एका तारखेला, दुसऱ्यात भलत्याच, आणि काही देश तर काट्याला हातच लावत न्हाईत. मधल्या दिवसांत लोकांचा नुसता घोळ! सगळे हसले. मी ताटावरून उठलो. सून म्हणाली, भाजी तिखट झाली का? हो म्हणालो. तिथंही खोटंच.

हा घोळ आमच्याकडं होऊन गेलेला आहे, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत. आमचं गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात — हसनाबादच्या पलीकडं, वऱ्हाडच्या सरहद्दीला लागून. वऱ्हाडात इंग्रजाचा अंमल. तिथल्या सरकारनं लढाईपायी सगळी घड्याळं तासभर पुढं करायला लावली. आमच्या गावात कोण करतो! नाला ओलांडला की नवा टाइम, अलीकडं जुना.

आणि गावात घड्याळ माझ्या एकट्याकडं. लोक वाटेत अडवून टाइम विचारायचे, आणि मी — अहो, काय तो तोरा! — खिशातून काढायचो, झाकण उघडायचो, जरा थांबूनच सांगायचो.

माझी धाकटी बहीण सरू. तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला आमच्या दारात आणून सोडलं. पोरगी ठेवून घेतली — यमी, सहा वर्षांची. सासर वऱ्हाडात, त्यामुळं पोरगी मिळावी म्हणून केलेला अर्जही तिकडच्याच कचेरीत. तारीख लागली. कागदावर लिहिलं होतं — सकाळी अकरा. कागद वाचला कोणी? मीच. सरूला अक्षर येत नव्हतं, आणि घड्याळ तर बिलकुलच न्हाई.

आता ऐका. त्याच्या महिनाभर आधी मी म्हैस बघायला पलीकडं गेल्तो. तिथला चहावाला माझं घड्याळ बघून खी खी हसला. म्हणाला, "दादा, तुमची मोगलाई तासभर झोपलेली दिसते!" असा अपमान माणूस विसरतो का? मी आजवर स्वतःला सांगत आलो — विसरलो होतो, गडबडीत ध्यानात राह्यलं न्हाई. विसरलो नव्हतो मी. कासरा धरला तेव्हा मला बराबर ठाऊक होतं, की आपण तासभर उशिरा निघालोय.

का केलं? बायकोची कुरकुर होती, पण तिच्या माथी मारणार न्हाई. मलाच नको झालं होतं. सरूचं ते कोपऱ्यात बसणं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं विचारणं, "काय ठरलं हो बहिणीचं?" पोरगी मिळाली असती तर दोघी जन्मभर माझ्या घरात. आणि न मिळाली तर? तर पोरीच्या ओढीनं ही आपल्या पायानं सासरी जाईल, सवतीच्या हाताखाली का होईना राहील, आणि माझी सुटका होईल. असा हिशेब केला मी — सख्ख्या भावानं.

वाटेत बाजार लागला. सरू म्हणाली, "दादा, जरा गाडी थांबव ना. यमीला बांगड्या घेते."

मी घड्याळ काढलं. झाकण उघडून तिच्यापुढं धरलं — जिला त्यातलं काही कळत नव्हतं तिच्यापुढं! म्हणालो, "घे की. लई टाइम आहे."

कासारापुढं बसली. पोरीचा हात आठवून-आठवून माप सांगत होती — एवढा असंल, न्हाई, आता वाढली असंल. हिरव्या घेतल्या, सहा. माझ्या घड्याळात तेव्हा दहा वाजले होते. म्हणजे तिकडं अकरा, आणि कचेरी अजून कोसभर लांब. ती बांगडीत बोटं घालून माप बघत होती, आणि तिकडं तिच्या नावाचा पुकारा होत असणार.

आम्ही पोचलो तेव्हा पट्टेवाला म्हणाला, तीनदा पुकारलं, बाई हजर न्हाई, साहेबांनी अर्ज काढून टाकला. सरूनं आधी यमीचंच विचारलं. यमी बापासंगं येऊन गेली होती. मायलेकींची नजरानजरसुद्धा झाली न्हाई.

इथंच थांबलो असतो तरी एक वेळ... पण न्हाई, पुढं आहे. झाडाखाली एक म्हातारा अर्जनवीस बसायचा. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "घाबरू नका, मोगलाईतले लई लोक असेच चुकून राह्यले. टाइमाचा घोळ झाला एवढं लिहून देतो, साहेब दुसरी तारीख देतात." सरू लांब होती, तिला ऐकू गेलं न्हाई. लिहून घ्यायचं म्हणजे तिला सांगावं लागणार. मंग ती विचारणार — दादा, घड्याळ तर तुझ्यापाशी होतं ना? मी त्याला म्हणालो, उद्या येतो. तो उद्या मी कधी उगवू दिला न्हाई.

महिन्याच्या आत तिचा नवरा बिऱ्हाड हलवून पोरीसकट खानदेशाकडं निघून गेला. कुठं, ते कोणालाच कळलं न्हाई. सरूला जायला सासरच उरलं न्हाई. जन्मभर ती माझ्याच घरात राह्यली — मी जिला घालवायला निघालो होतो ती. लढाई संपली, वऱ्हाडनं काटे मागं घेतले, पुढं निजामाचं राज्यही गेलं. सरू कासार दिसला की घरात जायची. हातात काचेची बांगडी तिनं पुन्हा भरली न्हाई. नवरा जिवंत असताना हे काय, म्हणून बाया बोलायच्या. म्हणायची, "बांगड्यांच्या नादात पोरगी घालवली म्या." हे मी शेकडो वेळा ऐकलं. एकदा तर वैतागून वर तिलाच रागावलो — पुरे कर आता!

शेवटच्या दुखण्यात, एका दुपारी, मी उशाशी बसलो होतो. घरात दुसरं कोणी न्हाई. तिनं माझा हात धरला.

"दादा, खरं सांग. त्या दिवशी मी बांगड्यांपायी थांबले नसते, तर पोचलो असतो का रे आपण?"

मी तिच्याकडं बघितलं.

"पोचलो असतो," म्हणालो.

तिनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं.