सुनीतीचे पाच मुद्दे

पुण्यात सुनीतीने अकरा वर्षं दहावीला इतिहास शिकवला. ‘कारणे लिहा, गुण पाच’ असा प्रश्न आला की तिची मुलं डोळे मिटून पाच मुद्दे उतरवायची आणि पाचपैकी पाच घेऊन यायची. अशी ही बाई गेली पाच वर्षं नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला, आमच्या शेजारच्या घरात, नवऱ्याचे आणि मुलीचे डबे भरत होती. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा.

नवरा अंबरीश कंपनीच्या परमिटवर आधी आला, ही आणि मुलगी संहिता मागून. सगळे फॉर्म डचमध्ये. अंबरीशने झटपट दोघांत मिळून एक ईमेल उघडला, पासवर्ड त्याचा. सरकारी कामांना इथे डिजीडी लागतो, आपली ऑनलाइन ओळख. तोही सुनीतीच्या नावाचा, पण अंबरीशच्या फोनमध्ये. ती म्हणायची, “बरं आहे गं, त्या कटकटीत मला डोकं घालावं लागत नाही.” आपल्या लोकांच्या बहुतेक घरांत हे असंच चालतं.

जानेवारीत अंबरीश आमच्याकडे जेवायला बसला आणि बोटं मोजत सांगायला लागला. कंपनी त्याला टेक्ससला पाठवतेय. मोठं पद, मोठं घर, ऊन, संहिताला चांगलं कॉलेज.

“आणि सुनीतीचं काय?” मी विचारलं.

“तिच्याचसाठी तर चाललंय हे सगळं, संध्या.”

माझ्या हातात आमटीचा डाव होता. रवींद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावलं, म्हणून मी मुकाट्याने आमटी वाढली. सुनीती मान खाली घालून भात कालवत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येऊन रडली. “आत्ता कुठे मला इथे चार लोक ओळखायला लागलेत. परत कुणाची तरी बायको म्हणून शून्यापासून सुरुवात नको गं. जीव गुदमरतो माझा.” युट्रेख्टच्या एका इंग्रजी शाळेत तिने अर्ज केला होता. शाळेने एक तास शिकवून दाखवायला बोलावलं. पसंत पडली तर ऑगस्टपासून नोकरी, आणि परमिटचं शाळा बघणार. अंबरीशही म्हणाला, “मिळाली तर तू आणि संहिता थांबा इथेच, मी एकटा जातो.” म्हणजे सगळं त्या एका तासावर येऊन ठेपलं.

विषय दिला होता अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती समुद्रापार हातपाय का पसरायला लागली? सुनीती हसली, म्हणाली, हा तर माझा घरचा विषय. मी युट्रेख्ट स्टेशनपर्यंत तिच्यासोबत गेले आणि कॉफी पीत दोन तास बसून राहिले.

परतीच्या गाडीत तिने सांगितलं ते असं. वर्गात शिरून तिने सवयीने फळ्यावर आकडे घातले. एक, कारखान्यांत माल इतका की घरची गिऱ्हाइकं पुरेनात. दोन, पश्चिमेकडची मोकळी जमीन संपली. तीन, आरमाराला दूरदूरच्या बंदरांत कोळसा हवा. चार, मागासलेल्यांना सुधारणं हे आपलं कर्तव्य, ही घमेंड. पाच, स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबाच्या नावाने वर्तमानपत्रांची बोंबाबोंब. वळून बघते तर कुणी लिहूनच घेत नव्हतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “ही सगळी घेणाऱ्यांची कारणं झाली. तिथली माणसं काय म्हणाली?”

“माझ्या पायांखालची जमीनच सरकली गं,” सुनीती म्हणाली. “तयारी करताना मी ते वाचलं होतं. पण पाचांत बसेना, म्हणून सोडून दिलं होतं.”

मग तिने खडू ठेवला आणि हवाई बेटांवरच्या लोकांचं सांगितलं. बायाबापड्या बेटाबेटांवर फिरल्या. आम्हाला अमेरिकेत सामील व्हायचं नाही, या अर्जावर एकवीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. अर्ज वॉशिंग्टनला पोचला, बेटं अमेरिकेला जोडायचा तह बारगळला. थोड्याच महिन्यांत स्पेनशी लढाई पेटली, फिलिपिन्सच्या वाटेवर थांबायला जागा हवी झाली, आणि अमेरिकेने तहाबिहाच्या भानगडीत न पडता साधा ठराव करून ती बेटं घेतली. वर्ग चिडीचूप ऐकत होता. घंटा झाली तरी पोरं उठेनात.

गाडीत तिचा चेहरा असा फुलला होता की मला पुण्यातली ती सुनीती दिसली, जी मी कधी पाहिलीच नव्हती.

मग सुरू झालं वाट पाहणं. रोज ती अंबरीशला विचारायची, “काही आलं का?” तो म्हणायचा, “नाही गं.” एक आठवडा, दोन आठवडे. तिला झोप लागेना. तिसऱ्या आठवड्यात मीच तिला शाळेत फोन लावायला लावला, माझ्या स्वयंपाकघरातून.

फोन उचलणारी बाई गोंधळली. तुमचीच निवड केली होती, म्हणाली. पण तुम्हीच त्याच दिवशी ईमेलने कळवलंत, कुटुंब अमेरिकेला चाललंय, क्षमस्व म्हणून. ती जागा आता भरली.

सुनीती उठून घरी गेली. अर्ध्या तासाने परत आली आणि त्याच खुर्चीत बसली. विचारल्यावर अंबरीशने सरळ कबूल केलं, तिच्या नावाने तो नकार त्यानेच पाठवला होता. तुला एकटीला कसं झेपलं असतं, तुझ्या भल्याचंच केलं, सांगणारच होतो, म्हणाला. घर सोडायची नोटीसही दोघांच्या नावाने गेलेली होती. पंधरा जुलैची तिकिटं.

मला राहवलं नाही. “अगं, शिकलीसवरलेली बाई ना तू? पाच वर्षं आपला ईमेल, आपला डिजीडी दुसऱ्याच्या खिशात ठेवतं का कुणी? काय म्हणावं तुला?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच.

“तुझं कुणाकडे असतं, संध्या?”

बाहेरच्या खोलीत रवींद्र फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. मला माझा पासवर्ड माहीत नव्हता.