कंपनीला बहीण नसते

कंपनीच्या पूजेच्या निमंत्रणपत्रिकेवर तिचा बँक खाते क्रमांक छापायची अक्कल विरेशची. वर महादेवाची पिंड, मधोमध सोनेरी अक्षरांत ‘ईश्वर ॲग्रो प्रायव्हेट लिमिटेड’ आणि तळाला खाते क्रमांक, शाखेच्या नावासकट. परभणीत बी.कॉम. झालेल्या पोराला वाटलं, यानं कंपनीचं वजन वाढतं. छापखानेवाल्यानं एकदा टोकलंही, “पत्रिकेवर असलं कुणी टाकत न्हाई, आहेर मागितल्यावानी दिसंल.”

“हे लग्न न्हाई, कंपनी हाय,” विरेश म्हणाला, आणि सोनेरी शाई वाढवून घेतली.

ती पत्रिका वालूरला त्याच्या आत्यापर्यंत, भागम्मापर्यंत गेली. भागम्मानं ती नातीकडून दोनदा वाचून घेतली, पिशवीत घातली आणि थेट बँकेत गेली. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला तिच्या नावावर पडून होता. त्यातले चार लाख तिनं पत्रिकेवरच्या खात्यात टाकले. स्लिपवर कारण लिहायला सांगितलं, ‘भावाच्या कार्याचा आहेर’.

भाऊ म्हणजे विरेशचे वडील, ताडकळसचे ईश्वरअप्पा. डाळ मिलवाले. मिल मोठी नाही; पण बाजारच्या दिवशी पंचक्रोशीतली तूर आणि हरभरा त्यांच्याच वजनकाट्यावर उतरतो. अप्पांचा स्वभाव असा, की समोरच्या माणसाशी नातं लागल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. पूर्णेला जाणाऱ्या बसमध्ये बसले की दुसरा थांबा यायच्या आत शेजारचा माणूस मावसभावाच्या साडूचा कुणीतरी निघतोच. निघाला नाही तर अप्पा कपाळावरची विभूती चोळत बसतात आणि पुन्हा नव्यानं सुरुवात करतात, “बरं, तुमची आई कुठली?”

अशा माणसानं कंपनी काढली ती सॉर्टेक्ससाठी. डाळीतला काळा दाणा वेचून बाजूला उडवणारं हे मशीन घेतल्याशिवाय मोठे व्यापारी भाव देत नव्हते. मशीन लाखांचं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण म्हणाली, तुमचेही पैसे दिसू द्या, आणि धंदा एकट्याच्या नावावर असण्यापेक्षा कंपनी बरी. विरेशला तेवढंच हवं होतं.

परभणीच्या सीए मैथिलीताईंनी सगळं रीतसर केलं. मिल, शेड, जागा, जुनं कर्ज, सगळं जसंच्या तसं कंपनीच्या पदरात. बदल्यात अप्पांना फक्त शेअर. “शेअरखेरीज वरकड एक रुपया घेऊ नका,” त्यांनी बजावलं होतं. “घेतलात तर तुम्ही जागा विकली असं धरतील आणि इतक्या वर्षांत जी किंमत वाढली तिच्यावर कर बसेल. आणि पाच वर्षं तुमचे शेअर निम्म्याखाली जाऊ देऊ नका.”

अप्पांनी मान हलवली. पण दुसऱ्याच दिवशी घरासाठी पिशवीभर डाळ भरून निघाले तेव्हा विरेश आडवा आला. “अप्पा, बिल.”

“कुणाचं?”

“तुमचं. डाळ कंपनीची हाय.”

“अन् कंपनी कुणाची?”

“शेअर तुमचे. कंपनी... तिची तीच.”

अप्पांनी बिलाचे पैसे दिले. घरी येऊन बायकोला म्हणाले, “आपलीच मोरी अन् मुतायची चोरी. बी.कॉम. केलंय पोरानं.”

कंपनीची पूजा महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी झाली. पूजा सांगायला जंगमस्वामी आले, पंगती उठल्या, भागम्मा पहिल्या पंगतीत मिरवली. मार्च लागल्यावर विरेश बँकेचा उतारा घेऊन मैथिलीताईंकडे गेला, सोबत अप्पा. मैथिलीताईंचं बोट चार लाखांवर थांबलं.

“हे कशाचे?”

“आत्यानं दिलेला आहेर,” विरेश म्हणाला.

“कोणाला दिला?”

“अप्पाला.”

“खातं कोणाचं?”

विरेशनं पंख्याकडे पाहिलं.

मैथिलीताईंनी चष्मा काढला. “अप्पा, बहिणीनं भावाला कितीही द्यावं, त्याच्यावर कर नाही. कायद्यात नातेवाइकांची यादीच आहे, बहीण त्यात बसते. पण हे तुम्हाला मिळालेलंच नाही, कंपनीला मिळालंय. कंपनीला फुकट मिळालेली एवढी रक्कम म्हणजे तिचं उत्पन्न. चौथा हिस्सा जवळजवळ करात जाईल.”

“पण माझीच बहीण हाय ना ती.”

“तुमची आहे. कंपनीला बहीण नसते.”

अप्पांचा हात कपाळावरच्या विभूतीकडे गेला. जन्मात पहिल्यांदा त्यांना असं कुणीतरी भेटलं होतं, ज्याचं कुणाशीच नातं लागत नव्हतं, आणि ते त्यांनीच जन्माला घातलं होतं.

उपाय तीन होते. भागम्मानं दिलेलं कर्ज म्हणून लिहायचं. तिला त्या पैशांचे शेअर द्यायचे. किंवा चुकून जमा झाले म्हणून वर्ष सरायच्या आत तिला परत करायचे. कुठलाही केला तरी भागम्माची कबुली हवी. मैथिलीताईंच्या जिन्यावरून उतरताना अप्पा म्हणाले, “कर भरलेला सोपा पडंल रे. तिला जाऊन कोण सांगावं?”

त्याला कारण होतं. भागम्मा अप्पांहून मोठी. वडील गेले तेव्हा तिनं त्यांच्या जागेतला वाटा सोडून हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. मिल उभी राहिली ती त्याच जागेवर. पुढं ती लवकर विधवा झाली. मग अप्पांनी दर सणाला डाळ पाठवली, दिवाळीला लुगडं, पोरींच्या लग्नात उभे राहिले. तिनं सगळं घेतलं, मान खाली घालून नाही, पण घेतलंच. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ देण्याइतकं काही आलं होतं.

दोघं वालूरला पोचले तेव्हा भागम्मा ओसरीवर मिरच्यांची देठं काढत बसली होती. विरेशनं आल्या आल्या तिन्ही उपाय ओळीनं सांगून टाकले. ताप आलेल्या माणसाला गोळ्या सांगाव्यात तसे.

“उसने?” भागम्मा म्हणाली. “भावाला उसने दिले म्हणू? लोकं म्हणतील व्याज खायलीय.”

“मग शेअर घ्या, आत्या.”

“म्हंजे मिलीत हिस्सा?”

“तसाच काहीसा.”

“तवा सोडला अन् आता मागायला आली म्हणू दे गावाला. अजून काय ऱ्हायलंय?”

“मग परत...”

भागम्मानं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि आत निघून गेली. बाहेर आली ती दोन ताटल्यांत चिवडा घेऊन. पाहुण्यांना देतात तसा पुढं ठेवला. अप्पांनी ताटली तशीच राहू दिली. एरवी ही बाई त्यांच्या ताटलीतला शेंगदाणा उचलून खायची.

“आहेर माघारी लावायलाय तू,” ती दाराला टेकून म्हणाली. “म्हंजे नातं माघारी. मी काय कमी दिलं व्हय?”

विरेश काही बोलणार होता. अप्पांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

“अक्का, तुझा आहेर मी माघारी कसा लावू? मला तो मिळालाच न्हाई.”

“चार लाख दिलेत. पावती हाय.”

“दिलेस. पण ही कंपनी म्हंजे मी न्हाई. मला बी आधी तसंच वाटलं. आता घरला डाळ न्यायची तर पोरगं बिल फाडायलंय.”

भागम्मानं विरेशकडं पाहिलं. “बापाला बिल?”

“कायदा हाय आत्या,” विरेश पुटपुटला.

“तू माझ्या दारात आलीस,” अप्पा म्हणाले, “पर कुलूप दिसलं म्हणून शेजाऱ्याच्या ओट्यावर ताट ठेवून गेलीस. शेजारी लय भला. पण तो ना तुझा, ना माझा. त्यातलं चौथाईभर त्यो सरकारच्या घरी पोचवणार. माझ्या पदरात काय आलं? पूजेला तू जेवलीस, गेलीस. माझ्या डोक्याला टोपी कुठं लागली?”

भागम्मा दारातनं पुढं आली. मग तिनं अप्पांच्या ताटलीकडं नजर टाकली.

“शेजाऱ्याकडून ताट उचलून आणायचं म्हंजे माघारी न्हाई ते.”

“न्हाईच.”

“मग आणा. मी देते नीट.”

आणि तिनं नीटच दिला. कंपनीनं चार लाख ‘चुकून जमा’ म्हणून तिच्या खात्यात परत धाडले, त्याच आठवड्यात भागम्मानं अप्पांना वालूरला बोलावून पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, आणि हातात बँकेतून काढून आणलेला अप्पांच्या नावाचा ड्राफ्ट. टोपी एक माप लहान होती. अप्पांनी ती तशीच घालून सगळ्या गल्लीतनं चक्कर मारली. पुढं तेच पैसे त्यांनी आपल्या नावानं कंपनीत घातले आणि तेवढे शेअर घेतले. सॉर्टेक्स आलं.

बक्षीसपत्र करून ठेवा, असं मैथिलीताईंनी सांगितलं होतं, म्हणून टोपीच्या दिवशीच विरेशनं सेलूहून पाचशेचा स्टॅम्प पदरचे पैसे घालून आणला होता. अप्पांनी खिशात हात घातला तशी भागम्मा आडवी आली. “घेणाऱ्यानं कागदाचा खर्च करायचा न्हाई. आहेर माझा, कागद बी माझा.” कनवटीला शंभराच्या तीनच नोटा निघाल्या. त्या तिनं विरेशच्या हातात कोंबल्या.

“दोनशे ऱ्हायले,” ती म्हणाली.

“असू द्या, आत्या.”

“असू द्या म्हणलास तर आहेर तेवढा तुझा झाला. न्हाई चालायचं.”

त्यानंतर विरेश मिलच्या कामात गुंतला. भागम्माचा फोन दर पंधरवड्याला येतो. डाळीचा भाव विचारते, अप्पाची गुडघेदुखी विचारते आणि शेवटी म्हणते, तुझे दोनशे हायेत माझ्याकडं, येऊन घेऊन जा. विरेश म्हणतो, नातीला सांगा, मोबाइलवरून टाकंल. त्यावर ती ऐकू न आल्यासारखं करते. दोनशे अजून वालूरलाच आहेत.