बरखेडीतल्या शाळेचा शोध

निघायच्या दिवशीच कंबर धरली. बायको म्हणाली, "आता पुरे करा ही गावं." माझंही मन तेच म्हणत होतं, पण जबलपूरच्या विमलताईंना येतो असा शब्द देऊन बसलो होतो. जबलपूरला उतरलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की फलाटावरची पाटीही दिसेना. हमालाला विचारून खात्री करून घेतली.

लहान गावांचा इतिहास गोळा करायचं खूळ मला निवृत्तीनंतर लागलं. विहीर कुणी खणली, बाजार कुणी भरवला, पहिली गिरणी कुणाची, असल्या गोष्टी. त्यात माझा एक नियम आहे. गावातल्या दोघांनी सांगितल्याशिवाय काही छापायचं नाही. घरच्यांचं ऐकून लिहायला लागलं, तर ज्याचे त्याचे आजोबा गावाचे तारणहार निघतात.

विमलताई रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. मुलगा रिछाईतल्या एका कारखान्यात. "जय भीम" म्हणून दार उघडलं आणि चहाच्या आधीच विषयाला हात घातला. वडील सदाशिवराव भंडाऱ्याकडचे, रस्ते खात्यात मुकादम, नोकरीनिमित्त बरखेडीत आलेले. राज्यांची फेररचना झाली, नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, सोबतची मराठी माणसं बदली मागून परतली. हे मात्र तिथंच राहिले. बरखेडीत तेव्हा शाळा नव्हती आणि संध्याकाळी ते मुलांना शिकवायचे, एवढंच विमलताईंना ठाऊक. तिथला त्यांना आठवतो तो फक्त वडिलांच्या हातातला कंदील. त्या लहान असतानाच कुटुंब जबलपूरला आलं.

"तुमच्या गावांच्या पुस्तकात बरखेडीखाली बाबाचं नाव पाहिजे, भाऊ," त्या म्हणाल्या. "दोनच ओळी. त्या गावात आमचंही कोणी होतं, एवढं राहिलं पाहिजे."

मी नियम सांगितला. "चलो, मग दोन माणसं शोधू," म्हणत त्या पिशवी घेऊन उठल्या.

कमानिया गेटजवळ खोव्याची जिलबी खाल्ली. काळीभोर, जड, एकीतच पोट भरतं. मग सराफ्याच्या गल्लीतून धक्के खात निघालो आणि बस पकडली. मटारचा हंगाम होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवी शेतं आणि प्रत्येक फाट्यावर पोत्यांची थप्पी. अर्ध्या वाटेत टायर बसला. ड्रायव्हर शांतपणे मंगोडे (मुगाची भजी) खायला गेला. आम्ही बांधावर बसलो. माझी कंबर आता उघड उघड बोलू लागली होती.

"तुम्ही थकून राहिले, भाऊ," विमलताई म्हणाल्या.

"थकलोच आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

बरखेडी म्हणजे एक चौक, एक तलाव आणि त्यांच्या मधे असंख्य खड्डे. चौकातल्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. "मराठी मास्साब (मास्तर)? नईं भैया, हमने तो नईं सुना." धान्याच्या दुकानदाराने मान हलवली. निवृत्त हेडमास्तर भले गृहस्थ. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा दिला आणि म्हणाले, "स्कूल तो बाद में खुला. उसके पहले यहाँ पढ़ाई का कोई सिलसिला नहीं था. मैं खुद तीन कोस पैदल जाता था." माणूस खोटं बोलणारा नव्हता. पेनाचं टोपण मी परत लावलं.

बाहेर आल्यावर विमलताई पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिल्या. आपले बाबा आपणच मनाने मोठे केले की काय, असं त्यांना वाटत असणार. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढी वाट तुडवून हाती धुपाटणं.

त्यातच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार तलावाच्या गल्लीत, असं कळलं म्हणून पाय ओढत तिकडे वळलो. चांभार नव्हताच. शेजारच्या अंगणात एक म्हातारी सुपात तेंदूपानं घेऊन बिड्या वळत होती. तिने बसायला पोतं दिलं. नाव फूलबाई. वळून झालेल्या बिड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून ठेवले होते, ते ती बोटाने बाजूला सारत पुटपुटू लागली.

"पंचवीस एके पंचवीस, पंचवीस दुणे पन्नास, पंचवीस त्रिक पंच्याहत्तर, पंचवीस चोक शंभर..."

मी कंबर विसरून ताठ बसलो. "अम्मा, ये क्या बोल रही हो?"

"बीड़ी का पहाड़ा है, भैया."

"ये तो मराठी है!"

"हओ (हो)? हमें क्या पता. यहाँ सब औरतें ऐसेई गिनती हैं. बहू को भी हमने सिखाया."

"आपको किसने सिखाया?"

"सड़क वाले मास्साब ने. इसी आँगन में. सट्टेदार (बिड्यांचा ठेकेदार) गिनती में मारता था, तो बोले, बिटियो, पहले गिनना सीखो. लालटेन लेके आते थे."

"चौक में तो किसी को याद नहीं."

"मर्द क्या जानें? मोड़ियाँ (मुली) ही तो आती थीं."

भिंतीपलीकडून दुसरी म्हातारी ओरडली, "काए, हम नईं आते थे क्या? पट्टी (पाटी) तो हमारी फूटी थी!"

झाले दोन साक्षीदार. फक्त नाव राहिलं. ते विचारल्यावर फूलबाई हसली. "मास्साब का नाम कौन लेता है?"

सदाशिवरावांना हिंदीत पाढे येत नसणार. स्वतःला जे येत होतं ते त्यांनी या मुलींना दिलं, आणि त्या भाबड्या मुलींनी ती बिड्यांचीच भाषा समजून साठ वर्षं सांभाळली. विमलताई फूलबाईच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. "अम्मा, फिर से बोलो ना," त्या म्हणाल्या. फूलबाईने "पंचवीस दाही अडीचशे"पर्यंत म्हणून दाखवलं. विमलताईंनी पदर डोळ्याला लावला.

परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "मले हा पाढा येत नाही, भाऊ. जबलपूरले आल्यावर बाबा रोज म्हणत होते, बस, म्हण माझ्यासंग. मी म्हणत होती, इस्कूलमध्ये हिंदीत विचारतात, तुमचा पाढा काहून शिकू? मग त्यांनी म्हणायचंच सोडलं."

मी त्यांना खिडकीची जागा दिली.

घरी आलो, दोन दिवस अंथरुणाला खिळलो, आणि उताणा पडूनच त्या दोन ओळी लिहिल्या. सदाशिवरावांचं नाव घातलं. नावाला साक्षीदार नव्हता, पण त्या काळी बरखेडीत मराठी पाढे जाणणारा रस्त्याचा मुकादम आणखी कोण असणार? नियम आपणच केलेले असतात. चौकातली माणसं विचारून मी आजवर कितीतरी गावं लिहिली. त्या गावांच्या अंगणांत काय राहून गेलं असेल, या विचाराने फार थकायला होतं.

ओळी विमलताईंना फोनवर वाचून दाखवल्या. त्यांनी त्या पुन्हा एकदा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "तिसरी एक टाका. लिहा, त्यांची स्वतःची पोरगी शिकली नाही."

"नाही टाकणार," मी म्हणालो.

"काहून? खरं आहे ना?"

"आता शिका. मग खरं राहणार नाही."

मी फोन ठेवणार, एवढ्यात त्यांचा आवाज आला. "ठेवू नका, भाऊ. पंचवीस सातीवर अडून राहिली मी. चुकली तर सांगा." आणि पासष्टीला टेकलेली ती बाई बाबासमोर बसल्यासारखी पहिल्यापासून म्हणू लागली.