वांग्याच्या गावातलं वावडं

असोद्याच्या वांग्यांची कीर्ती सांगायला असोदेकराला निमित्त लागत नाही. जळगावच्या बाजारात कुणी नुसतं "कोणतं गाव?" विचारलं, की हा गडी गावाच्या नावाआधी भरताचं वांगं पुढे करतो. थंडी पडली की शेताशेतांत कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो, हिरवी वांगी भाजली जातात, मुसळीने ठेचली जातात आणि सोयरेधायरे पंगत धरून बसतात. नेमक्या अशा गावात सून म्हणून आलेल्या शेवंताबाईला वांगं सोसत नव्हतं. देवालाही कधी कधी थट्टा करायची लहर येते.

ती पाचोऱ्याकडची. वांग्याचा घास पोटात गेला की तिचे ओठ सुजायचे, घशात खाज सुटायची, अंगावर पित्ताच्या गांधी उठायच्या. माहेरी आई म्हणायची, "पोरले वांगानं वावडं शे," आणि तिच्यापुरतं पिठलं टाकायची. विषय संपला. लग्न ठरवताना बापाने व्याह्याला सगळं सांगितलं, हे एवढं सांगायचं राहून गेलं.

पहिल्याच हिवाळ्यात शेतातल्या पंगतीत तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. सासू भिकुबाई सगळ्यांसमोर कडाडली, "असोद्यात येऊन वांग्याले तोंड वाकडं करते! गाढवाले गुळाची चव काय?"

"आत्याबाई, मले वावडं शे," नवी नवरी कशीबशी बोलली.

पंगतीतल्या बाया खो खो हसल्या. असोद्याकडे 'हाये' म्हणतात. पाचोऱ्याचं 'शे' त्यांच्या कानाला गमतीचं वाटलं. भिकुबाईने नक्कल केली, "वावडं शे म्हने! शे! अवं, वावडं मोठ्या घरी असतं. आपल्याले भूक असते."

त्या दिवसापासून शेवंताबाईने दोन शब्द गिळले, 'वावडं' आणि 'शे'. भरीत ताटात घ्यायचं, भाकरीने इकडून तिकडे फिरवायचं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून गोठ्यात गाईपुढे टाकायचं. अशी कित्येक वर्षं तिने खोटं जेवून काढली. खरं सांगून कुणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस खोट्यात हुशार होतं, त्याला इलाज नाही.

मग ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास पिल्या आला. नशिराबादच्या बाजारातून नवरा कौतिक बैलगाडीने येत होता, तर हे तांबडं पिल्लू गाडीमागे धावत थेट अंगणात. दुसरं नाव ठेवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून थोराड कुत्रा झाला तरी तो पिल्याच राहिला. आणि या पठ्ठ्याला वांगं इतकं आवडायचं, की जात्याच असोदेकर असावा. जेवताना तो शेवंताबाईच्या मांडीला खेटून बसायचा आणि तिच्या ताटातलं भरीत हळूच त्याच्या पोटात जायचं. सासू रिकामं ताट बघून खूश, कुत्रा खूश आणि शेवंताबाईची अब्रू शाबूत. घरात कुणी आपलं गुपित सांभाळतंय, या एका गोष्टीवर तिचा त्याच्यावर फार जीव जडला.

जीव भिकुबाईचाही होता. सुनेशी आयुष्यात गोड बोलली नसेल, पण कुत्र्याला "माह्या राज्या" म्हणून कुरवाळायची. कुत्रं उलटून बोलत नाही, हे त्यातलं मर्म असावं.

एका वर्षी श्रावण सरता सरता पिल्या पायाची बोटं चावायला लागला. कान लालबुंद, पोटाखालचे आणि जांघेतले केस गेलेले, दिवसभर खराखरा खाजवणं. शेजारचे सुपडूनाना ग्रामपंचायतीचे मेंबर; गावातल्या कोणत्याही गोष्टीचं निदान त्यांच्याकडे तयार असायचं. "खरूज," त्यांनी कुंपणापलीकडूनच सांगितलं. उपायही सगळ्यांना पाठ होता: ट्रॅक्टरचं जळकं ऑइल, त्यात गंधक. कौतिकने ते चोपडलं. पिल्या केकाटत अंगणभर लोळला, कातडी सोलवटली. पण थंडी आली तशी खाज थांबली, केस आले आणि सगळं श्रेय ऑइलला गेलं.

पुढच्या वर्षी श्रावण सरताना खाज पुन्हा हजर. पुन्हा ऑइल, आणि या खेपेला रक्त. त्यात भर म्हणजे भिकुबाईचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले, पापण्या सुजल्या, मानेवर चट्टे उठले. ती पदर ओढून घ्यायची, पण नळावर बायांच्या नजरा तिखट. एकीने आपला हंडा तिच्या हंड्यापासून बाजूला सरकवला. म्हातारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी सुपडूनाना आले. "कौतिक, कुत्र्याची खरूज म्हतारीले लागली. उद्या गावाले लागन. दसऱ्याच्या आत काय ते पाह्य. भाकरीत गोळी घालाले मानूस मी देतो."

कौतिकने मान हलवली. शेवटी जो बोलेल त्याला मान हलवायची, असा त्याचा स्वभाव होता. वाईट माणूस नव्हता, पण त्या मानेचा शेवंताबाईला त्या दिवशी मनस्वी राग आला.

ती चुलीपुढे बसून विचार करायला लागली. खरूज लागते म्हणतात, तर मला का नाही लागली? त्याला भरवते मी, त्याच्या अंगावरून हात फिरवते मी. आणि खरूज काय कॅलेंडर बघून येते? श्रावण सरताना यायचं, थंडीत जायचं? तिला आपले सुजलेले ओठ आठवले. वांगं खाल्लं की उठायचं, नाही खाल्लं की काही नाही. पण पिल्या तर वांगं बाराही महिने खातो. मग याचं काय असेल? एवढं मात्र तिला कळत होतं, की हा जीव सांगतोय ते कुणी ऐकून घेत नाहीये.

"दसऱ्याले अवकाश हाये," ती नवऱ्याला म्हणाली. "मी त्याले जळगावच्या जनावराच्या दवाखान्यात नेते. गाडी जुपा."

एवढं ठाम ती या घरात प्रथमच बोलली. कौतिकने याही बोलण्याला मान हलवली आणि गाडी जुंपली. न बोलावता भिकुबाई गाडीत चढून बसली. "माह्या राज्याले सुई टोचतीन. मी जवळ पाह्यजे."

दवाखान्यात इंगळे डॉक्टर होते. शांत माणूस. त्यांनी पिल्याची कातडी ठिकठिकाणी हलकेच खरवडली, काचेवर घेऊन भिंगाखाली बराच वेळ पाहिली, मग सावकाश प्रश्न विचारत बसले. दरवर्षी याच दिवसांत होतं का? थंडीत आपोआप बरं होतं? पंजे, कान, पोट, इथेच जास्त? शेवंताबाई प्रत्येकाला "हो" म्हणत गेली.

"मला खरजेचे किडे दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी ते पहिल्यांदा सापडत नाहीत, म्हणून लक्ष ठेवू. पण मला ही खरूज वाटत नाही. हा झोपतो कुठे?"

"गोठ्यामांगे," भिकुबाई अभिमानाने पुढे सरसावली. "मी सोता रोज सकायी ताजं गवत उपटून टाकते त्याच्याखाली. मऊ मऊ. खाजीनं जीव जातो ना त्याचा."

"कोणतं गवत?"

"ते नही का, गाजराच्या पाल्यासारखं, पांढऱ्या बारीक फुलाचं. फुकटचं लय माजलं हाये मांगे."

डॉक्टर म्हातारीकडे वळले. "आजी, तुमचे हात दाखवा बरं."

"मी काय म्हैस हाये का, जनावराच्या डॉक्टरले हात दाखवाले?" म्हातारीने पदर आणखी घट्ट ओढला. शेवंताबाईने हळूच तिचं मनगट धरून हात पुढे केला. या घरात आल्यापासून तिने सासूचा हात असा कधी धरला नव्हता.

"हातांना औषध माणसांच्या डॉक्टरांकडून घ्या," इंगळे म्हणाले. "पण कारण बहुतेक एकच असावं. ते गाजर गवत. पावसाळ्यात फोफावतं, फुलतं, आणि ज्याला सोसत नाही त्याच्या कातडीची आग होते. याला ॲलर्जी म्हणतात. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही."

"आलर्जी म्हंजे?" भिकुबाईने सुनेकडे पाहिलं.

शेवंताबाई म्हणाली, "वावडं, आत्याबाई."

डॉक्टरांनी खाजेच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं: ऑइल बंद, गंधक बंद. गवत फुलायच्या आत काढायचं, तेही हात झाकून. कुत्रा बाहेरून आला की पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसायचं. गोळ्या आपल्या मनाने वाढवायच्या नाहीत. "आणि हे कायमचं जाणार नाही. दरवर्षी पावसाळ्यात जपावं लागेल."

परतीच्या वाटेवर बैलांची घुंगरं वाजत होती. पिल्या दोघींच्या मध्ये आडवा पडलेला. मग भिकुबाई कुणाकडेच न बघता म्हणाली, "मीच टाकत होती व. मऊ लागावं म्हनून."

एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं शेवंताबाईच्या जिभेवर आलं. सांगायला आता चांगली जागा होती, वेळही होती. पण म्हातारीचे ते सुजलेले डोळे बघून तिचा जीव कळवळला. "तुमाले काय ठावूक होतं, आत्याबाई," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी तिने हाताला फडकं आणि वर प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, तोंडाला पदर बांधला आणि गोठ्यामागचं रान उपटून काढलं. धुतलेलं गोणपाट पिल्याखाली आलं. सासूला तिने मागे फिरकू दिलं नाही. पंजे पुसायचं काम मात्र म्हातारीने भांडून स्वतःकडे घेतलं. पिल्या दारात आला की ती ओलं फडकं घेऊन बसलेली असायची आणि हा गडी राजासारखा एकेक पाय पुढे करायचा.

सुरुवातीला काही फरक दिसेना. तो चावायचा, खाजवायचा, आणि सुपडूनाना कुंपणावरून बघून मान हलवायचे. दसरा जवळ येत होता, आणि आपलं चुकलं असेल तर याचा जीव जाणार, हे शेवंताबाईला दिसत होतं. घटस्थापना झाल्यावर एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, की घरात बराच वेळ खराखरा आवाज आलेला नाही. पिल्या गोणपाटावर पाय ताणून घोरत होता.

दसऱ्याला नाना सोनं द्यायला आले. पिल्याच्या पोटावर अजून केस नव्हते, पण कातडी कोरडी, शांत. नाना वाकून बघायला लागले, तोच भिकुबाई मध्ये उभी राहिली. तिने पदर कोपरापर्यंत सारला. हात स्वच्छ होते.

"पाह्य नाना, माही खरूज कुठी गेली? आन् कुत्र्याले गोळी देशीन, तं पह्यले मले दे."

नानांनी आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवली आणि ते चहा न घेता गेले. कौतिकने मान हलवली. या वेळी मात्र शेवंताबाईला त्या मानेचा राग आला नाही.

मार्गशीर्षात शेतात भरताची पंगत बसली. सोयरे आले होते, काड्यांचा जाळ झाला, वांगी ठेचली गेली. पिल्या, अंगावर नव्या केसांची लव घेऊन, नेहमीप्रमाणे शेवंताबाईच्या मांडीला खेटून बसला. वाढणारी भावकीतली नवी सून भरताचं पातेलं घेऊन तिच्यापुढे आली, पळी ताटावर धरली. शेवंताबाईने सवयीने ताट पुढे केलं.

"थांब व," पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून भिकुबाईचा आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, फडक्यात झाकून आणलेली वाटी घेऊन आली आणि शेवंताबाईच्या ताटात पिठलं वाढलं.

"तिले वांगं वाढू नको," ती त्या पोरीला म्हणाली. मग जरा थांबून, अजिबात नक्कल न करता म्हणाली, "तिले वावडं शे."

कुणी हसलं नाही. शेवंताबाईने डोळ्यांना पदर लावला. पिल्या तिच्या भरीत नसलेल्या ताटाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला, शेवटी म्हातारीनेच आपल्या ताटातलं भरीत त्याच्यापुढे सरकवलं.