वरच्या मजल्यावरचं नेट

इमारतीत तळमजल्याला जिन्याच्या डाव्या हाताला जी खोली होती, तिथे रफूचं काम चाले. खिडकीला टेकून एक टेबल, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा, शेजारी भिंग, आणि दिव्यासमोर डोकं खाली घालून बसलेली मावशी. कुणाचा कोट सिगारेटने जळालेला असे, कुणाची शाल उंदराने कुरतडलेली. मावशी त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे हळूच ओढून काढी आणि त्या धाग्यांनी भोक असं विणून टाकी, की घेऊन जाणारा माणूस दारातच उभा राहून विचारी, "पण मावशी, भोक नेमकं होतं कुठे?" तेव्हा ती एवढी खूश होई, की दिवसभर मग गुणगुणत बसे.

तिचा दुसरा गुण मात्र लोकांना जरा जड जाई. गिऱ्हाइकाच्या खिशात जे काही सापडेल, ते ती एका कापडी पुरचुंडीत बांधून कपड्याबरोबर परत देई. किल्ली, रुमाल ठीक आहे. चॉकलेटचा चुरगळलेला कागदसुद्धा परत. नवरा म्हणे, "अगं, तो कचरा आहे!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "तो कचरा आहे की नाही, हे ज्याचा खिसा त्याने ठरवावं."

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे पाव पोचवून दुपारी घरी येई आणि सोफ्यावर आडवा होई. स्वभावाने एकदम मोकळाढाकळा. जगात जे सहज मिळतं ते आपल्यासाठीच ठेवलंय, असं तो मानून चाले.

जावयाने आपला जुना फोन सासूबाईंना दिला आणि मावशीच्या आयुष्यात मोठी मौज आली. दूर कुठल्या तरी देशात एक म्हातारा रफूगार होता. तो कॅमेऱ्यासमोर नुसते हात दाखवून काम करी. तो बोले ती भाषा मावशीला ओ की ठो कळत नसे, पण हात कळत. जेवण झालं की ती त्याचं काम बघत बसे आणि मध्येच म्हणे, "अस्सं होय! तिरका टाका घातलास तर!"

एकदा मुलगी आली होती. आईच्या फोनवर काहीतरी बघता बघता म्हणाली, "आई, तुम्ही नेट कधी घेतलंत?"

"नाही घेतलं. फोनमध्येच असतं की."

"फोनमध्ये कुठलं असतं? हे बघ, 'अडीच घरं' असं नाव आहे. कुणाचं तरी वायफाय आहे हे. पासवर्डसुद्धा नाही त्याला. आमच्या यांनी फोन देताना तेच जोडून दिलेलं दिसतंय."

मावशीने सुई पिनकुशनमध्ये खोचली. "म्हणजे मी दुसऱ्याचं वापरतेय?"

"वापरत असतात गं सगळे."

मुलगी हसत निघून गेली, पण मावशीने सुई पुन्हा उचलली नाही. नवरा सोफ्यावरूनच म्हणाला, "त्यात काय एवढं? रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून वाचलं तर ती चोरी होते का?"

"रस्त्यावरचा दिवा सगळ्यांचा असतो. हा कुणाच्या तरी घरातला आहे."

"पण उजेड खिडकीतून बाहेर पडतोय ना! आपण काय घरात शिरलोय त्याच्या?"

"उजेड घेतला म्हणून त्याच्या घरात अंधार होत नाही. याने होतो की नाही, ते मला माहीत नाही. तेच विचारायचंय."

"कुणाला विचारणार? नाव 'अडीच घरं'. अडीच खोल्यांत कोण राहतंय आपल्याकडे?"

मावशीने चष्मा सारखा केला, फोन हातात धरला आणि जिना चढायला लागली. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. पहिल्या मजल्यावर एक रेघ वाढली. दुसऱ्या मजल्यावर अजून एक. तिथे दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी राहायची. दार उघडंच होतं आणि आत फोनवर मोठ्याने कसलासा नाच चालला होता.

"बाई गं, हे 'अडीच घरं' तुझं का?"

त्या मुलीने झटकन फोन पालथा घातला. "हळू बोला ना मावशी! माझं नाही. पण मीही त्यावरच आहे. समोरचे बासरीवाले मास्तर आहेत, खालची जुळी मुलं आहेत, सगळे त्यावरच आहेत. ते वरच्या कप्तानांचं आहे."

"त्यांना ठाऊक आहे?"

"ठाऊक असतं तर आपल्या वाट्याला आलं असतं का? मावशी, हात जोडते, वर जाऊ नका. ते कुलूप लावून टाकतील."

कप्तानांना सगळेच वचकून असत. ते कप्तान नव्हतेच खरं तर. जन्मभर जहाजाच्या तळाशी इंजिन सांभाळलं होतं त्यांनी. पण उंची, भुवया आणि आवाज बघून कुणीतरी कप्तान म्हटलं आणि ते नाव चिकटलं. जिन्यात कुणी भेटलं की ते नुसते "हं" करत. त्या "हं"नेच जुळ्यांना पळता भुई थोडी होई.

तरीही ती वर गेली.

दार उघडलं. "काय आहे?"

"मी तळमजल्यावरची रफूवाली. तुमचं नेट वापरते, न विचारता. मला आजच कळलं. म्हटलं, सांगावं."

कप्तान बाजूला झाले. "आत या."

खोली टापटीप. टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला, आणि पलीकडे संगणक. त्याच्यावर चादर घातलेली. 'अडीच घरं' म्हणजे घोड्याची चाल, हे मावशीला तेव्हा उमगलं.

"वापरा खुशाल," कप्तान म्हणाले. "मला आता ते लागत नाही. खेळणं सोडलंय मी."

"का हो?"

"डोकं चालेनासं झालंय." हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मावशीला कसंसंच झालं. "रोज संध्याकाळी खेळायचो. जगभरातल्या लोकांशी. घड्याळ लावलेलं असतं त्यात. मला वाटायचं, मी चाल केली. आणि पाहतो तर चाल तिथेच, वेळ संपलेली, मी हरलेलो. पुन्हा पुन्हा तेच. म्हातारपण आलं, दुसरं काय? डॉक्टरांकडेसुद्धा जाऊन आलो. त्यांनी तारखा विचारल्या, आकडे उलटे म्हणायला लावले. ते सगळं बरोबर आलं. मग माझी चाल उशिरा का जाते, ते त्यांनाही सांगता येईना."

मावशी खुर्चीत बसली. संध्याकाळी सगळे कामावरून घरी येत. दातवाली नाच बघे, मास्तर दूरच्या विद्यार्थ्यांना बासरी शिकवत, जुळी गाड्यांच्या शर्यती खेळत, आणि आपला नवरा फुटबॉल बघे; सगळं याच एका नेटवर, एकाच वेळी. आणि इथे हा माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेत बसला होता.

"तुमचं डोकं शाबूत आहे," ती म्हणाली. "तुमचं नेट आम्ही पळवत होतो, म्हणून चाल जात नव्हती."

कप्तानांच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही एकट्या एवढं नेट खाता?"

"मी माझ्यापुरतं सांगते. बाकीच्यांचं बाकीच्यांनी सांगावं."

कप्तानांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या जिन्याकडे पाहिलं, आणि एकदम हसायला लागले. इतके, की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. दुसऱ्या मजल्यावरची दारं उघडल्याचे आवाज आले. कप्तानांचं हसणं इमारतीने कधी ऐकलंच नव्हतं.

त्याच दिवशी नेटला पासवर्ड लागला, आणि मावशीवर इमारत रुसली. दातवाली मान फिरवून जिना उतरू लागली. मास्तर बासरीची पिशवी छातीशी धरून, नमस्कार न करता जाऊ लागले. जुळ्यांनी तर खिडकीतून जीभ काढून दाखवली. घरात नवराही फुरंगटून बसला. ऐन फुटबॉलच्या दिवसांत हे व्हावं, याचं त्याला फार वाईट वाटलं होतं.

"सगळ्यांचं तोडलंस," तो म्हणाला. "मिळालं काय तुला?"

"झोप," मावशी म्हणाली आणि दोरा ओवायला लागली. म्हाताऱ्या रफूगाराचे हात मात्र तिला खरोखरच आठवत होते.

पुढच्या आठवड्यात कप्तान स्वतः खाली आले. हातात जाडजूड निळा कोट. कसरीने कोपरापाशी चाळण केली होती. "हा होईल का?" त्यांनी विचारलं आणि वाकून हळू आवाजात पासवर्ड सांगितला. मावशी आधी नकोच म्हणत होती. मग कोटाच्या मजुरीत नेट, असं ठरलं. नवऱ्याने सोफ्यावर उठून बसून कान टवकारले, पण कप्तान फार हळू बोलले होते.

ही बातमी जिनाभर व्हायला वेळ लागला नाही. दातवाली गोड हसत आली. "मावशी, तुम्हाला माहीत आहे म्हणे. फक्त माझ्या कानात सांगा ना!"

"माझं असतं तर दिलं असतं. वर जा, विचार."

"त्यांना? खाऊन टाकतील मला!"

"खात नाहीत. चहा देतात."

दातवाली घाबरत घाबरत वर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. उतरली तेव्हा तिच्या हातात बिस्किट होतं. मग मास्तर गेले. मग जुळी गेली, आईला पुढे घालून. कप्तानांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. अट एकच: संध्याकाळी त्यांचा डाव चालू असेल तोवर बाकी सगळ्यांनी नेट बंद ठेवायचं.

त्या वेळात काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला. जुळी आधी दारातून डोकावत, मग खुर्च्या ओढून पटापाशी बसू लागली. मावशीचा नवराही एकदा पासवर्ड मागायला म्हणून गेला, तो रोजच जाऊ लागला. हत्ती तिरका का चालत नाही, यावर तो कप्तानांशी तावातावाने भांडे.

एका संध्याकाळी वरून केवढा तरी ओरडा ऐकू आला. मावशी सुई टाकून जिन्याकडे धावली. कप्तान कठड्यावरून वाकून सगळ्या इमारतीला सांगत होते, "हरलो! एका शाळकरी मुलीने हरवलं मला! घड्याळाने नाही, तिने हरवलं! काय वजीर आणला पोरीने!"

आणि त्यांच्या मागे उभा राहून मावशीचा नवरा सगळ्यांना समजावत होता, की ती चाल त्याला आधीच दिसली होती, पण कप्तान कुणाचं ऐकतात का!